पडदा केवढा, भिंत कसली, चित्र येतं कुठून? नव्या टीव्हीबद्दल वाचकांचे प्रश्न

दसरा जवळ आला की ‘नवा टीव्ही घ्यायचाय, कुठला घेऊ?’ अशी पत्रं वाढतात. नुसत्या एवढ्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. बसायच्या जागेपासून पडदा किती फुटांवर आहे, टीव्हीत चित्र कुठून येणार (केबल, डिश की वायफाय) आणि तो कसल्या भिंतीवर लागणार, या तीन गोष्टी कळल्या की मात्र नेमकं सांगता येतं. ज्यांनी ही माहिती पाठवली, त्यांचे प्रश्न या वेळी आधी घेतले आहेत.

प्रश्न : आमचा हॉल १० बाय १४ चा आहे. सोफा टीव्हीच्या समोरच्या भिंतीला लागून, मधे १० फूट. मुलगा ५५ इंची म्हणतो, मला ४३ पुरे वाटतो. मी केबलवर मालिका बघते, मुलं ओटीटी. भिंतीतल्या फर्निचरमध्ये टीव्हीसाठी ४ फूट रुंदीचा कप्पा आधीच करून घेतला आहे. (गृहिणी, धायरी, पुणे)

१० फूट हे भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप झालं. सोफ्यावर टेकून बसलं की डोकं मागच्या भिंतीपासून साधारण फूटभर पुढे येतं, आणि टीव्ही ब्रॅकेटसकट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असतो. म्हणजे डोळ्यांपासून पडदा साडेआठ फूट, १०२ इंच. क्रिकेट किंवा सिनेमा रंगून बघायचा असेल तर या अंतराला १.६ ने भागायचं. उत्तर येतं ६४ इंच. तेव्हा मुलगा काही अवाच्या सवा मागत नाहीये.

अडचण तुमच्या मालिकांची आहे. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीच्या चित्रात ५७६ ओळी असतात. पडद्याच्या उंचीच्या सहापट लांब बसलं तरच त्यातला पुसटपणा डोळ्यांना जाणवत नाही. ४३ इंची पडद्याची उंची २१ इंच, म्हणजे साडेदहा फूट. ५५ इंचीची उंची २७ इंच, म्हणजे साडेतेरा फूट. तुमच्याकडे साडेआठच आहेत, तेव्हा एसडी वाहिनी दोन्हींवर थोडी पुसटच दिसेल, ५५ वर जास्त. फुल एचडीला उंचीच्या तिप्पट अंतर पुरतं. ५५ इंचीला ते पावणेसात-सात फूट होतं, आणि ते तुमच्याकडे आहे. म्हणून मोठा टीव्ही घेणार असाल तर केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घ्या आणि रोज बघता त्या चार-पाच वाहिन्या एचडी करून घ्या. ते करायचं नसेल तर तुमचं ४३ बरोबर आहे.

जाता जाता ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके असलेल्या पडद्याबद्दल. ४के चा सगळा बारकावा दिसायला उंचीच्या दीडपट अंतरावर बसावं लागतं, ५५ इंचीला जेमतेम साडेतीन फूट. हॉलमध्ये एवढं जवळ कोणी बसत नाही. या मापात बहुतेक टीव्ही ४केच मिळतात, त्यामुळे तो घ्याच. पण ८के साठी एक रुपयाही वाढवू नका.

आता तुमचा कप्पा. ४ फूट म्हणजे १२१.९ सेंटिमीटर. ५५ इंची टीव्हीचं नुसतं चित्रच १२१.८ सेंटिमीटर रुंद असतं, कडा धरून १२३ च्या आसपास. तो आत जाणार नाही. ५० इंची १११-११२ सेंटिमीटर असतो, दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर हवेला राहतात. सुतारकाम तोडायचं नसेल तर तुमच्या घरासाठी ५० इंची आणि जोडीला एचडी बॉक्स, हा आमचा स्पष्ट सल्ला. दुकानातून निघायच्या आधी खोक्यावरची रुंदी सेंटिमीटरमध्ये वाचा. टीव्ही स्टँडवर ठेवणार असाल तर दोन पायांमधलं अंतरही वाचा, कारण हल्ली पाय दोन टोकांना असतात आणि अरुंद टेबलावर ते बसत नाहीत.

कप्प्याची उंचीही तपासा. पडद्याचा मध्य जमिनीपासून ३८ ते ४२ इंचांवर हवा, सोफ्यावर बसल्यावर डोळे तिथेच येतात. आकाराचा अंदाज येत नसेल तर वर्तमानपत्रं चिकटवून १११ बाय ६२ सेंटिमीटरचा तुकडा करा, त्या जागी लावा आणि दोन संध्याकाळी तसाच राहू द्या.

प्रश्न : महिन्यापूर्वी ५५ इंची ४के टीव्ही घेतला. जुन्या २४ इंचीवर चित्र छान दिसायचं, यावर माणसांचे चेहरे धुरकट दिसतात. दुकानदार म्हणतो टीव्ही ठीक आहे. फसलो का? (सेवानिवृत्त शिक्षक, सोलापूर)

नाही. टीव्ही बहुधा ठीकच आहे. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. तुमच्या पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके आहेत. आलेल्या एका ठिपक्यातून टीव्हीला २० ठिपके अंदाजाने रंगवावे लागतात. लहान पडद्यावर हे झाकून जात होतं.

आधी सेट टॉप बॉक्सच्या मागे बघा. पिवळी, लाल, पांढरी अशा तीन टोकांची वायर लावलेली असेल तर दोष तिथेच आहे. कित्येक घरांत एचडी बॉक्स असतो, एचडीचे पैसेही जातात, पण टीव्ही बसवणारा माणूस जुनीच वायर लावून जातो. त्या वायरीतून एचडी येऊच शकत नाही. एचडीएमआय केबल लावा. बॉक्स ते टीव्ही एवढ्या अंतराला दीड मीटरची साधी केबल पुरते, महागडी नको. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट ‘१०८०आय’ किंवा ‘१०८०पी’ करा, तिथे ‘५७६’ राहिलेलं असतं. बॉक्सच एसडी असेल तर तो बदलण्यावाचून इलाज नाही.

टीव्हीतही तीन बदल करा. चित्राचा प्रकार ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ करा. ‘शार्पनेस’ शंभरपैकी १० च्या आत आणा. तो वाढवला की चेहऱ्याभोवती पांढरी कड उमटते आणि चित्र स्वच्छ व्हायच्या ऐवजी खरखरीत होतं. ‘नॉइज रिडक्शन’ मध्यम ठेवा. माणसं बुटकी आणि रुंद दिसत असतील तर ती ४:३ ची वाहिनी १६:९ मध्ये ताणली गेली आहे. आकार ‘ऑटो’ किंवा ‘ओरिजिनल’ करा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्याव्यात.

प्रश्न : एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी यांत खरा फरक काय? आमच्या हॉलला पश्चिमेला मोठी खिडकी आहे आणि वडील दिवसभर बातम्या लावून बसतात. (नागपूर)

पहिले तिन्ही मुळात एलसीडीच आहेत. पुढे द्रवस्फटिकाचा थर, मागे एलईडी दिव्यांचा उजेड. क्यूएलईडीमध्ये त्या उजेडाच्या वाटेत क्वांटम डॉटचा पातळ थर असतो, त्याने लाल-हिरवा रंग अधिक शुद्ध येतो. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे अगदी बारीक आणि संख्येने खूप असतात. ते गटागटाने मंद करता येतात, म्हणून रात्रीच्या दृश्यातला काळा रंग काळा दिसतो. ओएलईडीमध्ये मागचा उजेडच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः पूर्ण विझतो.

अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला ओएलईडीसारखं चित्र नाही. पण तुमच्या घरात तो घेऊ नका. वृत्तवाहिनीचा लोगो एकाच कोपऱ्यात, खालची पट्टी एकाच जागी, आणि हे रोज दहा-बारा तास. ओएलईडीचे ठिपके वापराने झिजतात आणि जिथे सतत उजळ पट्टी असते तिथले आधी झिजतात. वर्ष-दोन वर्षांनी सिनेमा लावला तरी त्या पट्टीचा ठसा मागे दिसू लागू शकतो. त्यात नागपूरचं दुपारचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून समोर आलं की ओएलईडीचा उजेड कमी पडतो.

तुमच्यासाठी मिनी एलईडी, तेवढं बजेट नसेल तर चांगला क्यूएलईडी. उजेडाचा आकडा ‘निट्स’मध्ये विचारा. २५०-३०० निट्सचा टीव्ही दिवसा फिका पडतो, उजेडाच्या हॉलला ५०० च्या पुढचा बघा. ‘एचडीआर (उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त दाखवणारं चित्र) आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. २५० निट्सचा टीव्हीसुद्धा एचडीआरचा सिग्नल घेतो, पण दाखवायला त्याच्याकडे उजेडच नसतो. ६०० निट्सच्या खाली एचडीआरची मजा फारशी येत नाही.

आणखी एक प्रश्न दुकानदाराला विचारा: पॅनल आयपीएस की व्हीए? व्हीएमध्ये काळा रंग गडद, कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१ किंवा त्याहून जास्त, पण बाजूने बघितलं की रंग उडतात. आयपीएसमध्ये कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास, पण कोपऱ्यातल्या खुर्चीवरूनही रंग तेच दिसतात. वडिलांची आरामखुर्ची टीव्हीच्या अगदी समोर असेल तर व्हीए, खोलीभर माणसं विखरून बसत असतील तर आयपीएस. दुकानदाराला सांगता आलं नाही तर टीव्हीसमोर उभे राहा, मग चार पावलं बाजूला सरका. चेहऱ्यांचा रंग पांढुरका झाला तर व्हीए समजा.

प्रश्न : आमचं घर चिऱ्याचं. ४३ इंची टीव्ही लावताना ड्रिल मारलं तर भोक मोठं झालं आणि स्क्रू फिरतच राहिला. शिवाय दर वर्षी वळवाच्या पावसात गावात कोणाचा तरी टीव्ही जळतो. काय करावं? (चिपळूण तालुका)

चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. हॅमर मारला की भोकाची आतली बाजू ढासळते, आणि ८ मिलिमीटरचा प्लास्टिक प्लग तिथे नुसताच फिरतो. कारागीर मग त्यात काडेपेटीच्या काड्या किंवा लाकडाची खुंटी ठोकून देतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि एके दिवशी ब्रॅकेट पुढे झुकतं.

दोन पक्के उपाय आहेत. पहिला, मधे लाकडी फळी घ्यायची. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, साधारण ३ फूट बाय २ फूट, भिंतीवर सहा ते आठ ठिकाणी धरायचा आणि टीव्हीचं ब्रॅकेट त्या प्लायवर लावायचं. वजन दोन-चार भोकांवर न येता आठांवर वाटलं जातं. ४३ इंची टीव्ही ७ ते ९ किलोचा असतो, त्याला हे भरपूर झालं. दुसरा उपाय केमिकल अँकरचा. हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं, फुंकून आणि ब्रशने आतली धूळ पूर्ण काढायची, जाळीची नळी घालून त्यात दोन घटकांचं रेझिन भरायचं आणि एम८ चा आटे पाडलेला रॉड फिरवत आत ढकलायचा. रेझिन दगडाच्या छिद्रांत शिरून घट्ट होतं. धूळ राहिली तर ते धुळीलाच चिकटतं आणि सगळंच सुटून येतं, इथेच बहुतेकांचं चुकतं. रात्रभर हात लावू नका, टीव्ही दुसऱ्या दिवशी चढवा. दोन्ही उपायांत भोक चिऱ्याच्या मध्यावर घ्या, सांध्यात नको. गिलावा असेल तर त्याची जाडी सोडून दगडात किमान ३ इंच खोली मिळाली पाहिजे.

पुढे ओढून वळवायचं ब्रॅकेट या भिंतीला लावू नका. टीव्ही फूटभर पुढे आला की वरच्या बोल्टांवर ओढ कितीतरी पट वाढते. नैऋत्येकडची, पाऊस झोडपणारी बाहेरची भिंतही टाळा. आषाढात ती ओलावते आणि तो दमटपणा थेट टीव्हीच्या पाठीला लागतो. आतली भिंत निवडा आणि मागे दोन इंच पोकळी ठेवा. (पुण्या-मुंबईकडच्या नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ठोकळ्यांच्या भिंती असतात. त्यांनाही हॅमर चालत नाही, लांब नायलॉनचे खास प्लग लागतात.)

टीव्हीच्या पाठीला लागणारे बोल्ट खोक्यात आलेलेच वापरा, नाहीतर माहितीपत्रकात दिलेल्या लांबीचे आणा. जास्त लांब बोल्ट आवळला की तो आतल्या बोर्डाला किंवा पॅनलला जाऊन भिडतो, आणि ते नुकसान वॉरंटीत धरत नाहीत.

आता विजेचं. टीव्ही दोन कारणांनी जळतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक, आकाशातली वीज. ती घरावर पडायची गरज नसते, जवळपास कडाडली तरी वायरींत झटका येतो. रिमोटने टीव्ही बंद करून काही होत नाही. प्लग काढा आणि डिशची गोल केबलही टीव्हीपासून किंवा बॉक्सपासून सोडवा. लोक प्लग काढतात आणि छपरावरून आलेली केबल तशीच ठेवतात. वीज त्या वाटेने शिरते आणि एचडीएमआयचं पोर्ट घेऊन जाते. इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढा.

दुसरं कारण न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार, तुटणं. खांबावरचा किंवा मीटरजवळचा न्यूट्रल सैल झाला की घरात २३० च्या जागी ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात. दिवे एकाएकी लखलखीत होतात आणि पंखे पळू लागतात. असं दिसलं की त्याच क्षणी मेन स्विच पाडा. एमसीबी इथे कामाचा नाही, तो जास्त करंटला पडतो, जास्त व्होल्टेजला नाही. यासाठी मेन बोर्डात ‘ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर’ बसवून घ्या. २७० व्होल्टच्या आसपास तो पुरवठा तोडतो. स्टॅबिलायझर मात्र घेऊ नका. हल्लीच्या बहुतेक टीव्हींचा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टवर आपोआप चालतो, पाठीवरच्या पट्टीवर तसं छापलेलं असतं. तोच पैसा अर्थिंगवर घाला. अर्थिंग धड नसेल तर सर्ज प्रोटेक्टरचा एक्स्टेन्शन बोर्डही जेमतेमच काम करतो, कारण झटका वळवायला त्याला वाट मिळत नाही. वायरमनकडून मीटर लावून बघा: फेज ते अर्थ साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीनच.

प्रश्न : ‘बॉक्सशिवाय फ्री डिश’ असं लिहिलेला टीव्ही दुकानात पाहिला. खरंच बॉक्स लागत नाही? गावी लाइट जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल? (गेवराई, जि. बीड)

टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर, म्हणजे डीव्हीबी-एस२, असेल तर लागत नाही. मागे आटे असलेलं गोल पोर्ट आणि त्यावर ‘सॅटेलाइट’ असं लिहिलेलं आहे का बघा. बिनआट्याचं पोर्ट अँटेनाचं असतं, त्याला डिश लागत नाही. दूरदर्शनची फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, ९३.५ अंश पूर्वेला. तुमच्याकडून तो आग्नेयेला, आकाशात बऱ्यापैकी वर लागतो. त्या बाजूला आंबा-चिंच आडवी येत नाही ना, ते आधी बघा. मेनूत एलएनबीचा (डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या भागाचा) प्रकार ‘युनिव्हर्सल’ म्हणजे ९७५०/१०६०० ठेवा, ‘एलएनबी पॉवर’ चालू करा आणि स्कॅन लावा. एकही वाहिनी सापडली नाही तर दहापैकी नऊ वेळा एलएनबी पॉवर बंद राहिलेली असते. पूर्वी बॉक्स ती वीज देत होता, आता टीव्हीने द्यायची असते.

सह्याद्रीसकट खुल्या वाहिन्या अशा दिसतील. पैसे भरून घ्यायच्या डीटीएच वाहिन्या कूटबद्ध असतात, त्यांना कार्डाचा बॉक्स लागतोच.

इन्व्हर्टरचा हिशेब असा. १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. रूपांतरात जातं ते आणि बॅटरी तळापर्यंत उपसायची नाही हे धरून, हाती सुमारे १२०० उरतात. ४३ इंची टीव्ही ८० वॅट, बॉक्स १५, एक पंखा ७५, दोन एलईडी दिवे ३०, असे मिळून २०० वॅट. सहा तास निघतील, बॅटरी जुनी असेल तर चार. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर टीव्ही चालतो, पण स्पीकरमधून गुणगुण येते आणि वीजपुरवठ्याचा बोर्ड तापतो.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. तिला दोन रिमोट, ॲप्स काही जमत नाही आणि संवाद ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला की शेजारी तक्रार करतात. (ठाणे)

बहुतेक स्मार्ट टीव्हींच्या सेटिंगमध्ये ‘चालू होताना काय दाखवायचं’ असा पर्याय असतो. तिथे ‘मागचं इनपुट’ किंवा ‘एचडीएमआय १’ निवडा. टीव्ही लावला की ॲप्सचं पान न येता थेट वाहिनी येईल. एचडीएमआय-सीईसी चालू केलं तर काही बॉक्स टीव्हीबरोबरच चालू-बंद होतात. हे जमलं की आईंच्या हातात फक्त बॉक्सचा रिमोट द्या. त्याच्या खालच्या कोपऱ्यात चार-पाच बटणांचा ‘टीव्ही’ असा वेगळा गट असतो. ती बटणं तुमच्या टीव्हीचे सिग्नल शिकू शकतात, म्हणजे पॉवर आणि आवाज त्याच रिमोटवर येतात. टीव्हीचा रिमोट कपाटात.

संवाद ऐकू न येण्याचं कारण बहुतेक वेळा आवाज कमी असणं हे नसतंच. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, शब्द भिंतीवर आपटून येतात आणि पार्श्वसंगीतात बुडतात. आवाजाचा प्रकार ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘न्यूज’ करा, ‘सराउंड’ बंद करा, बेस कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर साउंडबार घ्या, पण मधला स्पीकर असलेला, म्हणजे ३.० किंवा ३.१, कारण संवाद त्या मधल्यातून येतात. तो ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआयला जोडा, ब्लूटूथने नको. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, आणि वयस्कर माणसांना त्याचाच जास्त त्रास होतो, कारण ती ओठ बघूनही ऐकत असतात.

प्रश्न : सेलमध्ये अनोळखी कंपनीचा ४३ इंची स्मार्ट टीव्ही निम्म्या किमतीत आहे. घ्यावा का? घरपोच आल्यावर काय तपासायचं? (जळगाव)

‘अँड्रॉइड’ एवढंच लिहिलेलं असेल तर सावध व्हा. परवाना घेतलेली गूगल टीव्ही प्रणाली वेगळी, आणि मोबाइलची मोफत अँड्रॉइड टीव्हीत टाकलेली वेगळी. दुसऱ्या प्रकारात काही ओटीटी ॲप्स चालतच नाहीत किंवा एचडीत चालत नाहीत, कारण त्यांना हवं ते वाइडवाइन एल१ प्रमाणपत्र त्या टीव्हीकडे नसतं. पानावर ‘गूगल टीव्ही’, ‘वेबओएस’, ‘टायझेन’, ‘फायर टीव्ही’ असं स्पष्ट नाव शोधा. रॅम २ जीबी हवीच. १ जीबीवाला टीव्ही पहिल्या वर्षी बरा वाटतो, दुसऱ्या वर्षी ॲप उघडायला मिनिट घेतो. साठवण ८ जीबी असली तर दर दोन-तीन महिन्यांनी नको ती ॲप्स काढावी लागतात, १६ मिळाली तर उत्तम. पुढे टीव्ही मंदावला तर फेकू नका. एचडीएमआयमध्ये स्ट्रीमिंग स्टिक लावली की तो पुन्हा चालता होतो.

सवलत बघताना एक लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याआधीची किंमत खोडून दाखवलेली ‘सूट’ ही काही प्रमाणात करकपातच असते. पैसे भरण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: जळगावला तुमचा माणूस येतो का, आणि पॅनलवर किती वर्षांची वॉरंटी आहे? पॅनल गेलं की दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो.

टीव्ही आला की खोकं उभं आहे ना बघा. आडवं टाकून आणलेलं असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर तसं लिहा. बसवणारा येईपर्यंत उघडू नका. उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढा, त्यात खोक्यावरचा, टीव्हीच्या पाठीवरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक येऊ द्या. पहिल्यांदा चालू करताना ‘होम की स्टोअर?’ असं विचारलं जातं, तिथे ‘होम’ निवडा. ‘स्टोअर’वर उजेड कायम पूर्ण राहतो. मग खोलीत अंधार करून यूट्यूबवर पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि राखाडी असे पडदे लावा. काळ्यावर चमकणारा ठिपका, पांढऱ्यावर काळा ठिपका, राखाडीवर उभे पट्टे, हे सगळं त्याच दिवशी फोटोसकट कळवा. बदलून द्यायची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल माळ्यावर ठेवा.

प्रश्न : अमेरिकेतून कायमचे परत येतोय. तिथला ६५ इंची टीव्ही आणावा का? (एडिसन, न्यू जर्सी)

आणू नये, असंच आमचं मत. पाठीवरची पट्टी वाचा. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर वीज चालेल. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असेल तर इथल्या प्लगला थेट लावताक्षणी जळेल, म्हणून कायम ट्रान्सफॉर्मर जवळ ठेवावा लागेल. तिथला ट्यूनर एटीएससी या प्रक्षेपण पद्धतीचा, आपल्याकडे पद्धत डीव्हीबी, म्हणून आतला ट्यूनर निरुपयोगी ठरतो. बॉक्स एचडीएमआयने चालेल. वॉरंटी इथे सहसा लागू होत नाही आणि त्या मॉडेलचं पॅनल इथे मिळत नाही. सीमाशुल्काचं म्हणाल तर सामानातून करमुक्त टीव्ही आणायची सोय सरकारने ऑगस्ट २०१३ मध्ये काढून घेतली होती. कायमच्या परतणाऱ्यांसाठी नियम निराळे असतात आणि दर बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर बघा.

प्रश्न : पडदा कशाने पुसावा? काच पुसायचा स्प्रे मारल्यावर खालून उभ्या रेषा आल्या. (कोल्हापूर)

स्प्रेचा ओघळ पडद्यावरून खाली उतरून कडेच्या फटीत गेला. तिथे पॅनलला चित्राचे सिग्नल देणाऱ्या, फिल्मसारख्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या ओल्या झाल्या की रेषा येतात. टीव्ही लगेच बंद करून प्लग काढा आणि दोन-तीन दिवस तसाच वाळू द्या. काही वेळा रेषा जातात. नाही गेल्या तर पट्टी बदलून पुन्हा जोडणारं यंत्र असलेल्या कारागिराकडेच न्या, नुसता बोर्ड बदलून उपयोग नाही.

यापुढे टीव्ही बंद करून, पडदा गार झाल्यावर, कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने वरून खाली हलक्या हाताने पुसा. बोटांचे तेलकट डाग असतील तर फडक्याचं टोक शुद्ध पाण्याने जेमतेम ओलं करून पिळा आणि मग टेका. पाणी फडक्याला लावायचं, पडद्याला कधीच नाही. फोडणीची वाफ येते अशा घरात महिन्यातून एकदा पुरतं.